खिंडीतला हरवलेला अर्धा अंश

१

"मास्तरांचे तक्ते वेळेवर येतात, पण मास्तरांचा फोन काही येत नाही हो हल्ली. जरा बघा," असं टपालकाका मागे एकदा म्हणाले होते, तेव्हा तिने कॉम्प्युटरवरून मानसुद्धा वर केली नव्हती. "बरं झालं की काका," ती म्हणाली होती, "माझे कान सुटले."

टपालकाका म्हणजे हवामान कार्यालयात आलेलं टपाल टेबलाटेबलावर वाटणारा माणूस. आणि मास्तर म्हणजे खिंडीवरच्या केंद्राचे निरीक्षक. निवृत्त शास्त्रशिक्षक, एकटा जीव. केंद्र म्हणजे तरी काय, तर डोंगरउतारावर चार पायांवर उभी एक पांढरी जाळीदार पेटी आणि तिच्यात दोन तापमापक. एक दिवसभरातलं सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवणारा, दुसरा सगळ्यात कमी. मास्तर ते रोज वाचायचे आणि महिनाअखेरीला आकड्यांचा तक्ता पाठवायचे. तक्त्यामागोमाग फोन ठरलेला. "पोरी, माझ्या आकड्यांना हात कुणी लावला?" एखादा आकडा तपासणीत इकडचा तिकडे झाला, तर मास्तर घरचं भांडं चोरीला गेल्यासारखे भांडत.

ती होती कार्यालयातली संख्याशास्त्रज्ञ. तिला सगळे शंकाताई म्हणायचे, कारण दाराला कडी घातली तरी ती परत जाऊन ओढून बघायची. घरी दीड वर्षाची चिमणी. तिला नुसती शिंक आली तरी शंकाताई रात्रभर उशाशी बसायची. खिंडीचं कोडं समोर आलं त्या दिवशी तर चिमणीला पहाटे ताप भरला होता, सासूबाईंच्या हवाली करून ती ऑफिसात आली होती, आणि दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होती.

तरी काम थांबण्यासारखं नव्हतं. पृथ्वी शंभर-सव्वाशे वर्षांत किती तापली, याचा मोठा अहवाल निघायचा होता. त्यात जगभरच्या हजारो केंद्रांचे आकडे. आपल्या वाट्याच्या प्रत्येक केंद्राला तिची एकच परीक्षा असे: शेजारच्या केंद्रांशी वजाबाकी. ऊन-वारा सगळ्या शेजाऱ्यांना सारखाच, त्यामुळे वजाबाकीची रेघ ताटासारखी सपाट यायला हवी. रेघेला पायरी पडली, की समजायचं, हवा नाही, माणूस किंवा यंत्र बदललं.

खिंडीवरच्या केंद्राची नोंद शंभराहून जास्त वर्षांची, एकही दिवस न चुकलेली. तिची रेघ वर्षानुवर्षं सपाट होती. आणि गेल्या वर्षी अचानक ती अर्धा अंश खाली घसरली, ती खालीच राहिली होती.

सगळं जग तापत असताना एकटी खिंड गार झाली होती.

२

साहेबांनी पडद्यावरची पायरी पाहिली आणि खुर्चीत मागे रेलले.

"म्हातारा घरात बसून आकडे बनवतोय."

"साहेब, असं एकदम कसं म्हणता?"

"मी कुठे म्हणतोय, तुमची रेघ म्हणतेय. संध्याकाळी अहवाल बंद होणार. मी पत्र काढतो. केंद्राची नोंद संशयास्पद, अख्खी वगळावी. निरीक्षकाला काढावं."

"अख्खी? शंभर वर्षं खरी आणि एक वर्ष खोटं, तर शंभर वर्षंही फेकायची?"

"दुधात माशी पडली की आपण माशीपुरतंच दूध फेकतो का?"

ती खोलीबाहेर आली. रेघ तिची, बोट तिचं. संध्याकाळपर्यंत एका माणसाच्या कपाळावर 'लबाड' असा शिक्का बसणार होता, आणि शंभर वर्षांच्या नोंदी केराच्या टोपलीत जाणार होत्या. पण खरं सांगायचं, तर काळजीच्या खाली आणखी काहीतरी उसळत होतं. कोडं होतं हे. आणि कोडं दिसलं, की तिला भूक लागायची नाही.

संशयित तीन. मास्तर, पंडित आणि मिस्त्री.

पंडित म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा पोरगेला प्रोग्रामर. आकड्यांतल्या चुका आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता, आणि तो त्याबद्दल लग्नासाठी मुलगा दाखवावा तसा बोलायचा.

"तुझ्या प्रोग्रामनेच खिंड गार केली नाही ना रे?"

"शंकाताई, माझ्यावरही? घ्या, मूळ तक्ता बघा. माझा हात लागायच्या आधीचा."

मूळ आकड्यांतही पायरी तशीच होती. पंडित सुटला.

"अक्षरही मास्तरांचंच आहे," त्याने तक्ता पुढे सरकवला. "मोत्याच्या दाण्यासारखं. मेले आकडे सुंदर लिहिलेत, खोटे असले तरी."

"खोटे आहेत हे तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही. पण या महिन्याचा तक्ता अजून आलेला नाही, तेवढं सांगतो. साहेबांना नका सांगू, आणखी पेटतील."

मग मिस्त्री. यंत्रं दुरुस्त करणारा, कायम कमरेला पान्हे आणि तोंडात बडीशेप. गेल्या वर्षी खिंडीवर तोच जाऊन आला होता.

"पेटीला पांढरा रंग दिला मी," तो म्हणाला. "नवा पांढरा रंग ऊन परतवतो. तेवढ्याने पेटी थोडी गार राहते, ताई. माझ्या गळ्यात पडणार वाटतं हे."

तिचे डोळे चमकले. पण आकड्यांवर नजर टाकताच चमक गेली. "नाही मिस्त्री. रंगाने गार झालं, तर उन्हात व्हायला हवं. इथे रात्रीचे आकडेही खाली आलेत. रात्री कुठलं ऊन?"

"सुटलो म्हणायचं."

"तापमापक बदलले होते?"

"हात नाही लावला. मास्तर लावू देतील? म्हणजे, ते होते कुठे म्हणा. शेजारची पाववाली किल्ली घेऊन आली. म्हणाली, झोपलेत."

"दुपारी? मास्तर दुपारी झोपले होते?"

"आता म्हातारा माणूस दुपारी नाही झोपणार तर कधी?"

तिने मान हलवली, पण मनात एक खडा टोचत राहिला. खिंडीवर तापमापक दुपारी वाचायचे, हा केंद्राच्या जन्मापासूनचा नेम होता. मास्तर ज्या वेळी पेटीपाशी हवेत, त्याच वेळी ते झोपले होते.

३

उरले मास्तर. तिने आकड्यांना उलटंपालटं करायला घेतलं.

खोटं लिहिणाऱ्या माणसाची एक खोड असते. कालचाच आकडा आज परत लिहायला तो बिचकतो. त्याला वाटतं, पकडलो जाऊ. पण इथे उलटंच होतं. पायरीनंतर किमान तापमानाचा तोच आकडा लागोपाठ दोन दिवस येणं कितीतरी वाढलं होतं. लबाड माणूस असं करणार नाही.

मग तिने दिवस वेगळे केले. हवा स्थिर असलेले दिवस एका बाजूला, हवा अचानक बदललेले दुसऱ्या बाजूला. आणि ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

स्थिर दिवसांत खिंड शेजाऱ्यांएवढीच होती. जराही गार नाही. गारठा होता तो हवा बदललेल्या दिवसांत, आणि सगळ्यात जास्त थंडीच्या लाटेनंतर. कडाक्याची पहाट झाली, दुसऱ्या दिवशी सगळीकडे ऊब आली, तरी खिंडीत म्हणे तीच थंडी परत.

"यंत्र बिघडलं, तर रोज बिघडेल," ती पंडितला म्हणाली. "हे निवडक दिवशी कसं बिघडतं?"

"भूत असेल."

"भुताला थंडीच्या लाटेचं वेळापत्रक कुठून मिळालं?"

तेवढ्यात फोन वाजला. घरून. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"अगं, चिमणीचा ताप पहाटेएवढाच दिसतोय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अंग कसं लागतंय?"

"अंग तर गार आहे. दूध प्यायली, आता माझी काठी घेऊन पळतेय. पण थर्मामीटर तेवढाच दाखवतोय."

"झटकलात का?"

"मला शिकवतेस? पहाटे तू वाचलास, त्यानंतर लगेच झटकला की."

"आणि?"

"आणि जिवाला चैन पडेना, म्हणून तेव्हाच पुन्हा लावला. तापलेलीच होती ती, चढला परत तिथवर. मग तसाच ठेवला. आता काखेत लावला, काढला, वाचला. पाऱ्याला खाली यायला झटकावं लागतं हे मी कशाला विसरेन, पण विसरले. म्हणजे हा पहाटेचाच ताप. एकच ताप दोनदा मोजला मी, होय ना?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, ते शंकाताईला दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काही वाईट बोलले का मी?"

"नाही. तुम्ही खिंडीतला चोर पकडलात."

४

तिने पंडित आणि मिस्त्री दोघांना समोर बसवलं आणि फळ्यावर दोन डोंगर-दऱ्यांची रेघ काढली.

"हे तापमान. दुपारी वर, पहाटे खाली. आपला तापमापक वाचून झाला की तो सारखा करून ठेवतात. म्हणजे पुढच्या दिवसासाठी पाटी कोरी. बरोबर?"

"बरोबर," मिस्त्री म्हणाला.

"पण पाटी कोरी करताना जी हवा असते, ती लगेच पाटीवर उमटते. दुपारी रणरणत्या उन्हात कोरी केली, आणि दुसरा दिवस ढगाळ गेला, तरी कमाल तापमापक कालचंच ऊन दाखवणार. एक गरम दुपार दोनदा मोजली जाणार. आपली सगळीच केंद्रं दुपारी वाचतात, म्हणून हा घोळ सगळीकडे सारखा असतो, आणि वजाबाकीत जातो."

पंडित हळूच उभा राहिला होता.

"आता समजा, एकाच केंद्रावर कुणी सकाळी, गारठ्यात वाचायला लागलं. मग गरम दुपार एकदाच मोजली जाईल. पण कडाक्याची पहाट..."

"दोनदा," पंडित म्हणाला. "म्हणून लाटेनंतरचे दिवस. म्हणून किमान आकडे जोडीने. ताई, पण वेळ तर तक्त्यावर छापलेलीच असते. दुपार."

"छापलेली असते, म्हणूनच तर आपण कुणी तिच्यावर शंका घेतली नाही. मीसुद्धा नाही. आकडे सगळे खरे आहेत रे. फक्त सकाळचे आहेत."

मिस्त्री बडीशेप चघळायचा थांबला. "मास्तर असं करतील? पेटीला पाठ दाखवायची नाही म्हणून लेकीच्या लग्नातून दुपारी घरी आलेला माणूस तो."

"नाही करणार." ती पुन्हा पडद्याकडे वळली. "म्हणून मी आणखी एक गोष्ट बघितली. दशांश चिन्हानंतरचा आकडा. पूर्वी तिथे शून्यापासून नवापर्यंत सगळे सारखे यायचे. मास्तर डोळा बारीक करून वाचायचे. पायरीनंतर बघा. शून्य नाहीतर पाच. घाईत वाचणारी, साधारण अर्ध्यावर भागवणारी नजर. अक्षर मास्तरांचं आहे, नजर दुसऱ्या कुणाची तरी."

टपालाचा गठ्ठा घेऊन टपालकाका दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"म्हणजे मास्तर वर्षभर पेटीपर्यंत गेलेच नाहीत," ते म्हणाले. "आणि फोन केला असता, तर तुम्ही विचारलं असतं, कसं काय चाललंय. म्हणून फोन नाही."

तिने मास्तरांचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तसाच वाजत राहिला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "जीप आहे का?"

५

साहेबांनी संध्याकाळपर्यंतच मुदत दिली. "पुरावा आणा, मी पत्र फाडतो. नाहीतर सही करतो." सासूबाईंना तिने फोन केला, तर त्या म्हणाल्या, "चिमणीला झोप लागलीय. तू जा. आणि गाडीत तोंड बाहेर काढून बसू नकोस, तुला मळमळतं."

जीप वळणं घेत चढत होती. तिच्या मनात मात्र भीती आणि उत्साह एकाच पाटावर बसून भांडत होते. शंभर वर्षांच्या नोंदीतून तिने एक सकाळ ओळखली होती. एक न पाहिलेली नजर ओळखली होती. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी फोन वाजत राहिलेलं ते रिकामं घर डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"ताई, सीट फाटेल," मिस्त्री म्हणाला. तिने बोटं सोडली.

खिंडीत दोनच घरं होती. एक रस्त्यालगत, बैठं, दुसरं थोडं वर. त्याच्याही वर, उभ्या पायऱ्यांच्या टोकाला पांढरी पेटी. पायऱ्यांना कठडा नव्हता.

वरचं घर मास्तरांचं. त्यांनी धावत गाठलं.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

खिडकीच्या फटीतून तिने पाहिलं. आरामखुर्ची, चादर नीट घडी केलेली, टेबलावर महिन्याचा तक्ता. शेवटच्या काही दिवसांचे रकाने कोरे. पलंगाला एक कुबडी टेकलेली. आणि मातीच्या अंगणात, दारापासून उताराकडे गेलेल्या ठशांच्या दोन ओळी: एक पावलाची, एक काठीच्या टोकाची. पाऊल ओढत नेलेलं.

"खाली गेलेत," ती म्हणाली. "परत आलेले नाहीत."

६

खालच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ढकललं, आणि आतून आवाज आला, "कोण आहे?"

मास्तर एका स्टुलावर बसले होते. एक पाय लांब सोडलेला, हातात ओला फडका. समोर खाटेवर एक चाळिशीची बाई, अंगावर दोन घोंगड्या. हीच पाववाली. खालच्या वळणावरच्या बेकरीत ती भल्या सकाळी कामाला जायची आणि जाताजाता मास्तरांचा पाव देऊन जायची.

"मी, मास्तर. तुमच्या आकड्यांना हात लावणारी."

"मग आकडे राहू देत, पोरी. आधी हिच्याकडे बघ."

शंकाताईने बघितलं, आणि चिमणीच्या आजारपणांत कमावलेली सगळी भीती एकदम कामाला आली. श्वास उथळ आणि भराभर, ओठांना निळसर झाक, हाक मारली तर नजर भलतीकडे.

"मिस्त्री, जीप दाराशी घ्या."

दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मास्तरांना पुढे बसवलं. उतरताना मास्तर बोलत राहिले, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"गेल्या वर्षी पायऱ्यांवरून पडलो. कमरेचं हाड. पेटीपर्यंत जाणं संपलं. कळवलं असतं, तर केंद्र बंद झालं असतं. माझ्या आधी माझे सासरे वाचायचे, त्यांच्या आधी एक पोस्टमास्तर. माझ्या हातून साखळी तुटायची? ही म्हणाली, मी बघते मास्तर, कामावर जाताना. ती आकडे सांगायची, मी लिहायचो."

"सकाळी."

"मी म्हटलं, कमाल ती कमाल, किमान ती किमान. तापमापक धरूनच ठेवतो की. दुपारी बघ नाहीतर सकाळी." ते थांबले. "काय चुकलं, पोरी?"

तिने सांगितलं. पहाट दोनदा कशी मोजली जाते, ते. मास्तरांच्या गालावर लाली चढली, वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखी.

"तीस वर्षं पोरांना शिकवलं मी हे यंत्र," ते म्हणाले. "तू आकड्यांवरून ओळखलंस? नुसत्या आकड्यांवरून?" आणि लाजही विसरून ते तिच्याकडे वळले. "दशांशाचंही सांग बरं पुन्हा."

तिने पुन्हा सांगितलं. दोघंही वेडी होती. मागे मिस्त्री पाववालीचं डोकं धरून बसला होता आणि जीप चालवत होता त्याचा भाचा, दवाखान्यात काम करणारा; तो पहिल्याच वळणावर भेटला, म्हणून मिस्त्रीला मागे बसता आलं.

"आणि तुम्ही खाली कधी आलात?" तिने विचारलं.

"काल. ती पाव घेऊन आली नाही. आधीचे काही दिवस खोकत होती, वाचायला जाते म्हणायची आणि धाप लागून पायरीवर बसायची. मी म्हटलं, राहू दे, रकाने कोरे राहू देत. काल आलीच नाही. घसरत घसरत उतरलो. उतरलो, पण चढून फोनपाशी जाता येईना. तिचा फोन बंद, चार्जर बेकरीत. रस्त्याने गाड्या गेल्या, हात केला, लोकांनी हात केला परत."

७

न्यूमोनिया होता. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, सुया लावल्या, आणि रात्र पडायच्या आत पाववालीचा श्वास जरा लांब झाला. नंतर चौकशी केली, तर बेकरीचा मालक म्हणाला, "मला वाटलं रजेवर असेल." दूधवाला म्हणाला, "मला वाटलं गावाला गेली."

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावरून शंकाताईने साहेबांना फोन लावला.

"साहेब, सही करू नका. आकडे खरे आहेत, वेळ बदलली होती. कधीपासून, ते खुद्द मास्तरांकडून नक्की कळलंय. तेवढा भाग दुरुस्त करता येतो, बाकी शंभर वर्षं जशीच्या तशी. पंडितला फोनवरून सांगून मी हिशेब करून घेतलाय. दुरुस्त केल्यावर खिंडीची रेघ शेजाऱ्यांवर चपखल बसते. तीही तापतेच आहे, सगळ्यांसारखी."

पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "आणि निरीक्षक?"

"तक्त्यात दुसरं नाव घाला. पाववालीचं. तिला दुपारची सुट्टी मिळेल असं बघू, नाहीतर सकाळचीच वेळ लिहू. लिहिलेली असली की पुरे."

दोन दिवसांनी सकाळी ती पुन्हा भेटायला गेली. पाववाली उशीला टेकून बसली होती आणि कुणाकुणाला आज पाव मिळाला नसेल याची यादी मास्तरांना सांगत होती.

"एवढी आजारी होतीस," शंकाताईने विचारलं, "तर कुणाला सांगितलं का नाहीस?"

पाववाली हसली. "सांगणार कुणाला, ताई? सगळे माझ्याकडेच सांगायला येतात."

तर वाचणाऱ्यांनो, कोडं सुटलं, पण उठायच्या आधी एक काम सांगते. तुमच्याही ओळखीत अशी एक असेल. कुणाची औषधं आणणारी, कुणाची पोरं सांभाळणारी, कुणाचं अर्धं काम मुकाट ओढणारी. तिच्याकडे आज जाऊन या. काही मागायला नको, काही द्यायलाही नको. कशी आहेस, एवढंच विचारा. आणि ती 'बरी आहे की' म्हणाली, तर लगेच उठू नका.